सोन्याच्या टोकांची वायर

उभा जन्म कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला. हजेरी, निकाल आणि अनुदान या तीन गोष्टींबद्दल खरं बोलणारा माणूस तिथं शोधावा लागतो, त्यामुळं खोटी माणसं मी पोत्यानं पाहिली. बहुतेकांवर आता राग उरलेला नाही. वय झालं की राग आपोआप पातळ होतो. एका माणसावरचा मात्र मी जपून ठेवला आहे. त्याचं नाव विलास. साताऱ्यात बसस्टँडच्या अलीकडं इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं काचेचं शोरूम झालं, त्यात तो सेल्समन होता. गळ्यात टाय, खिशाला पेनं आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'टेक्निकली'. त्या काळी साताऱ्याच्या उन्हात टाय बांधून फिरणारा दुसरा माणूस म्हणजे औषध कंपनीचा एजंट, आणि तो निदान औषध तरी विकायचा.

आमचं घर किल्ल्याकडं जाणाऱ्या चढावर होतं. वडिलांना मी दादा म्हणायची, आळी त्यांना सुभेदार म्हणायची. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली. तोफेच्या शेजारी उभं राहून कानांचं जे व्हायचं ते झालं होतं, पण आमच्या घरात 'बहिरा' हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'त्यांचं लक्ष नव्हतं,' असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. आई त्यांच्याशी बोलायची ती परसातून समोरच्या टेकडीवरच्या गुराख्याला हाक मारावी तशी. सारखं ओरडून तिचा घसा बसायचा, मग ती बोलणंच टाकून द्यायची. जेवायला बोलवायचं तर ती सोप्यातल्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर करी. दिवा मिचकावला की दादा पेपर घडी घालून उठत. ताटात ज्वारीची भाकरी, घेवड्याची आमटी, तव्यावर रगडलेला खर्डा, आणि ते सगळं मुकाट्यानं खाणारे आईवडील. मी सांगलीला बी.एस्सी.ला होते, शनिवारच्या एसटीनं घरी यायची, आणि दर खेपेला मला वाटायचं की हे घर मागच्या शनिवारपेक्षा थोडं जास्त गप्प झालंय. आवाज होता तो फक्त भाकरी थापल्याचा आणि टीव्हीचा.

टीव्ही दादांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला. संध्याकाळच्या बातम्या ते एवढ्या मोठ्यानं लावत की आमच्या आळीत कुणाला बातम्यांसाठी टीव्ही घ्यायची गरजच नव्हती. शेजारची पोरगी दहावीला बसली तेव्हा तिची आई येऊन आईला बरंच काही बोलून गेली. त्याच आठवड्यात मी दादांना मिरजेला घेऊन गेले. मिरज म्हणजे आमच्याकडं दुखण्याचं माहेर. दर दोन इमारतींनंतर दवाखाना. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आलेख काढला आणि स्वच्छ सांगितलं, "कानाचं मशिन आत्ताच लावा. शब्दांची सवय मोडली की नंतर मशिन लावूनही आवाज येतो, शब्द कळत नाहीत. उशीर करू नका." दादांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. घरी येऊन चपला काढताना म्हणाले, "सुभेदार माणूस कानात खुंटी ठोकून परेडला जाईल व्हय? दोष त्या टीव्हीत हाय." आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीची तक्रार घेऊन ते शोरूमला गेले. तिथं विलास भेटला.

त्यानं दादांना खुर्ची दिली, चहा मागवला. दादांनी त्याला प्रत्येक गोष्ट दोनदोनदा, तीनतीनदा विचारली असणार, कारण एरवी त्यांना समोरच्याचं बोलणं कळणं शक्यच नव्हतं. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत त्याला समजलं होतं की या गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं कधी कुणी मला 'बिचाऱ्याला माहीत नसेल' असं सांगू नये. ते समजल्यावर त्यानं काय केलं, तर आवाज मोठा करून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर त्यांच्यासमोर लावले. दादांना शब्द न् शब्द कळला. ती सगळी वरात टेम्पोतून आमच्या घरी आली.

घरी आल्यावर आईनं काय करावं? आवाज वाढू देणार नाही, असा शेजारणीला शब्द दिलेला. तिनं आपल्या कपाळाची टिकली काढली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या गोल बटणाच्या कडेला चिकटवली. "ह्याच्या फुडं फिरवायचं न्हाई," असं दादांना खुणेनं बजावलं. सुभेदारांनी हुकूम पाळला. पण टिकलीपर्यंतच्या आवाजात त्यांना बातम्या म्हणजे नुसता गुणगुणाट. झालं, दादा पुन्हा शोरूममध्ये.

आता इथं दादांचं डोकं कसं चाललं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला ते खुळे वाटतील, आणि ते खुळे नव्हते. तोफखान्यात पुढच्या टेकडीवर एक साहेब दुर्बीण घेऊन बसतो, मागं तोफा असतात आणि मधे टेलिफोनची तार टाकलेली असते. तार चिखलात भिजली, जोड सैल झाला, की साहेबाचा हुकूम घोगरा येतो, अर्धा गळतो. तरुणपणी दादांनी रात्रंदिवस त्या तारा खांद्यावर वाहिल्या होत्या. आवाज नीट येत नसेल तर बोलणाऱ्याला दोष द्यायचा नाही, ऐकणाऱ्याला द्यायचा नाही, आधी तार तपासायची, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. "दुकानात तीच पेटी, तेच स्पीकर. तिथं कळतं, घरात कळत न्हाई. मग फरक कशात हाय? मधल्या तारंत!" असं ते मला भाकरी मोडता मोडता समजावून सांगत. दुकानातल्या बटणाला टिकली नव्हती, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती. बटण विलासच्या हाताखाली असायचं, आणि दादांची नजर स्पीकरवर.

असं तयार डोकं समोर आलेलं पाहून विलासला काय आनंद झाला असेल! त्यानं दादांच्या प्रत्येक शंकेला होकार दिला. "टेक्निकली साहेब, तुमच्या कानात काही नाही. साध्या वायरमध्ये आवाज वाटेतच झिरपतो." मग आली जाड वायर. महिन्याभरानं त्याहून जाड. मग एक परदेशी म्हणून सांगितलेली, जिच्या तांब्यात म्हणे ऑक्सिजन नव्हता. "साध्या तांब्यात ऑक्सिजन असतो साहेब, त्यानं आवाज गुदमरतो." ऑक्सिजन मिळाल्यामुळं गुदमरणारी ही जगातली पहिलीच वस्तू. शिवाय त्या वायरवर छोटे छोटे बाण छापलेले होते. आवाजाला दिशा असते, वायर उलटी लावली तर शब्द मागं फिरतात, असं त्याचं म्हणणं. आईनं ते ऐकलं, वायर हातात घेऊन बाण नीट पाहिले आणि मला म्हणाली, "चुकीचा छापलाय गं. ह्याचा बाण आपल्या घराकडनं दुकानाकडं पायजे."

एका शनिवारी मी दादांबरोबर त्या शोरूममध्ये गेले. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, डोक्यात ओहमचा नियम ताजा, वाटलं दोन प्रश्नांत याचा टाय सैल करते. मी विचारलं, "या वायरचा रोध किती, आणि साधीचा किती? दहा फुटांच्या अंतरात फरक पडेल असं गणित तुम्ही कुठं केलंय?" तो माझ्याकडं पाहून गोड हसला. लहान मुलानं पाहुण्यांसमोर कविता म्हटली की हसतात तसा. "मॅडम, कॉलेजात शिकवतात ते करंटचं. हे साउंडचं आहे. ते फिजिक्स आता जुनं झालं." मी बटणाकडं बोट दाखवून म्हटलं, "आणि हे शेवटपर्यंत फिरवलंय त्याचं काय?" त्याचंही उत्तर तयार. "व्हॉल्यूम वेगळा, क्लॅरिटी वेगळी." दादांना आमचं बोलणं कळलं नव्हतं, पण पोरगी हुज्जत घालतेय हे दिसत होतं. मला म्हणाले, "त्यांचा धंदा हाय. त्यांना कळतं. तू गप ऱ्हा." विलासनं माझ्यासाठी थंड पेय मागवलं. ते मी घेतलं नाही, एवढाच त्या दिवशीचा माझा पराक्रम.

परवा पुण्यात भाचा आणि मी त्याच्यासाठी टीव्ही घ्यायला गेलो होतो. काळ्या टी-शर्टमधला एक मुलगा डब्यातली वायर नाचवत म्हणाला, "आंटी, ही प्रीमियम घ्या, हिच्यातून काळा रंग जास्त काळा दिसतो." अहो, त्या वायरीतून चित्र एकतर येतं किंवा येत नाही, रंगाला पॉलिश करण्याची सोय तीत नाही. टाय गेला, टी-शर्ट आला, ऑक्सिजनच्या जागी दुसरं काहीतरी आलं, आणि गिऱ्हाइकाकडं पाहून गोड हसणं मात्र तेच राहिलं. मी त्याला साधी वायर मागितली तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं ते कीव केल्यासारखं. भाचा मला बाहेर येऊन म्हणाला, मावशी, जाऊ दे ना. मी म्हटलं, नाही जाऊ देणार.

दादा दर आठवड्याला त्या दुकानात का जायचे हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, फसतायत. आज वाटतं, त्या दुकानात त्यांच्यावर कुणी खेकसत नसे. घरी आई ओरडायची, मी ओरडायची, दूधवालासुद्धा ओरडायचा. तिथं खुर्ची मिळायची, 'साहेब' मिळायचं, आणि अर्धा तास का होईना, माणसाचा आवाज शब्दांसकट कानात शिरायचा. ते सुख विकत घेणं समजू शकतं. ते सुख त्या भावानं विकणारा माणूस मला समजू शकत नाही. एकेका वायरीच्या किमतीत मिरजेच्या डॉक्टरांचं मशिन आलं असतं. आणि कान दुकानातल्या वायरीसारखे थांबून राहणार नव्हते. डॉक्टरांनी 'उशीर करू नका' म्हटल्याला दुसरा उन्हाळा लागला होता.

त्या उन्हाळ्यात सोन्याची वायर आली. म्हणजे टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली. एवढी भारी वस्तू म्हणून ती बसवायला विलास स्वतः घरी आला. रविवारची संध्याकाळ, मी घरी होते. आईनं त्याला चहा दिला, ताटलीत दोन कंदी पेढे ठेवले. घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं तिला जमायचं नाही, मग तो कोणीही असो. तिनं ती टोकं नखानं खरवडून पाहिली. "माझ्या डोरल्यावर ह्याच्यापरीस जास्ती हाय," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. विलास टीव्हीच्या कपाटाकडं तोंड करून वाकला. त्याची पाठ आमच्याकडं. बातम्या चालू होत्या. त्यानं जुनी वायर ओढली, नवी खुपसली, आणि उठताना त्याचा हात बटणावरून गेला. टिकली कुठल्या कुठं मागं राहिली. घर दणाणलं. पितळी डब्याचं झाकण थरथरलं. शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.

दादा खुर्चीत सरळ बसले. "बास! हीच! आता कसं खणखणीत!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना.

आई उठली. कपाटापाशी गेली आणि बटण टिकलीवर आणून ठेवलं. दादांच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं. "गेला परत," ते म्हणाले. विलास जराही गडबडला नाही. "काकू, वायर मुरावी लागते. पहिले काही दिवस असा वरखाली होणार." लोणचं मुरतं, हे ठाऊक होतं, वायर मुरते हे त्या दिवशी कळलं.

आई त्याच्याकडं वळली. ओरडली नाही. मला आठवतंय, दादांबद्दल तिला अशा साध्या आवाजात बोलताना मी फार दिवसांनी ऐकलं. ती म्हणाली, "बाबा, तू लई वायरी दिल्यास. एकच सांग. माझ्या तोंडापासनं ह्यांच्या कानापत्तुर जोडायची वायर हाय का तुझ्या दुकानात? आसंल तर आण. हे घर इकून घीन."

विलास पेढ्याकडं बघत होता. दादांना आईचं तोंड हललेलं दिसलं, आमचे चेहरे दिसले. त्यांनी विचारलं, "काय म्हणती?"

मी उत्तर देणार तेवढ्यात विलास पुढं झाला. दोन्ही तळवे तोंडाशी धरून तो दादांच्या कानात ओरडला, "काकू म्हणतात, आवाज फार सुधारला!"

मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, पण एवढ्या सराईतपणे कुणी कुणाच्या तोंडचं वाक्य चोरलेलं पुन्हा पाहिलं नाही. तांब्याबद्दल खोटं बोल, सोन्याबद्दल बोल, तुझा धंदा आहे. पण एक बाई आपल्या नवऱ्याला जे सांगायला तळमळतेय, ते मधल्यामधे उचलून त्या जागी आपल्या मालाची जाहिरात ठेवायची?

दादा आईकडं बघत राहिले. मग विलासकडं न बघताच म्हणाले, "न्हाई."

"साहेब?"

"ती आसं म्हणाली न्हाई." दादांचा आवाज बारीक झाला होता. "लगीन झाल्यापास्नं मी आणलेल्या येकाबी वस्तूला तिनं चांगलं म्हटलं न्हाई. सायकलीला न्हाई, रेडिओला न्हाई, ह्या घराला न्हाई. आजच कशी म्हणंल?" मग आईला विचारलं, "काय म्हणालीस?"

आईनं ओरडून सांगितलं नाही. ती त्यांच्यासमोर गेली, बोट आपल्या ओठांना लावलं आणि ते बोट तसंच नेऊन त्यांच्या कानावर टेकवलं. तिथंच ठेवलं. दादांनी तिचा हात धरला. पोरीसमोर, परक्या माणसासमोर त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

"खोल ती वायर," दादा म्हणाले. तो आवाज परेडच्या मैदानावरचा होता. आणि तेव्हासुद्धा, त्या क्षणीसुद्धा, विलास काय म्हणाला? "साहेब, पाकीट फोडलेला माल परत घेत नाही." "परत कोण देतंय? खोल आन् हितं ठेव. आन् चालू पड." त्यानं वायर खोलली. जाताना चपला घालून झाल्यावर दारातून त्यानं मला सांगितलं, "मॅडम, त्यांना पटलं नाही तो भाग वेगळा. टेक्निकली वस्तू चांगली आहे." या एका बाबतीत तो खरा निघाला. आईनं ती वायर परसात घोसाळ्याच्या वेलाला बांधली आणि वेल तिच्यावर झकास चढला, बाणांच्या उलट्या दिशेनं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं मिरजेला गेलो. तेच डॉक्टर, तीच काचेची खोली. त्यांनी जुना आलेख काढून नव्याशेजारी ठेवला. काही बोलण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, त्यावरून मला कळलं. "आवाज येईल," ते मला म्हणाले. "शब्द सगळे येतील असं सांगत नाही. तेव्हाच मशिन लावलं असतं तर बराच फरक पडला असता. हळू बोललेलं आता अवघड आहे." दादांनी विचारलं, काय म्हणतात? मी कागदावर लिहून दिलं. एक शब्द कमी न करता लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

तेव्हाची मशिनं म्हणजे खिशात ठेवायची एक डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली बारीक वायर. दादांनी ती चिमटीत धरून संशयानं पाहिली. "ही कसली?" "साधी आहे," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "तुटली तर कोपऱ्यावर मिळते." मग त्यांनी डबी चालू केली आणि आईला सांगितलं, "तुम्ही त्यांच्या मागं उभ्या रहा. ओरडायचं नाही. घरात बोलता तसं काहीतरी बोला."

आई मागं जाऊन उभी राहिली आणि तिला काही सुचेना. तिनं पदर नीट केला. माझ्याकडं बघितलं. घरात बोलतात तसं म्हणजे कसं, हेच ती विसरून गेली होती. शेवटी म्हणाली, "आवं, बस चुकंल बरं का."

दादा न वळता म्हणाले, "चुकू दे. दुसरी हाय."

आईनं भिंतीला हात टेकला. डॉक्टर हसत होते, मीही हसले असेन. मग तिनं आणखी एक वाक्य म्हटलं, अगदी हळू, दादांच्या पाठीकडं बघत. "लई दिस झालं वो, तुमच्याशी बोलून." ते मला ऐकू आलं. डॉक्टरांना आलं. दादा समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले होते.

"थोडं मोठ्यानं म्हणा," डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळलं नाही."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "ते मोठ्यानं म्हणायचं न्हाई."